विश्लेषण : सॉफ्टवेअर ‘डी’ ड्राइव्हमध्ये टाकल्याने नेमके काय वाचते?

लॅपटॉप मंदावला किंवा ‘सी’ ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की बहुतेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत एकच सल्ला मिळतो : ‘सॉफ्टवेअर डीमध्ये टाका, उद्या विंडोज उडालं तरी सगळं शाबूत राहील.’ हा सल्ला पंचवीस-तीस वर्षे तोंडोतोंडी चालत आला आहे. त्यातला काही भाग आजही उपयोगाचा आहे, काही कालबाह्य झाला आहे आणि ‘सगळं शाबूत राहील’ हा भाग तर महागात पडू शकतो. ‘विंडोज १०’चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. जुन्या संगणकांवर ‘विंडोज ११’ टाकण्यासाठी ‘फॉरमॅट मारण्याचे’ प्रसंग त्यामुळे वाढले आहेत. अशा वेळी कोणत्या ड्राइव्हमध्ये काय असते, हे माहीत असणे गरजेचे आहे.

‘सी’ आणि ‘डी’ आले कुठून?

‘आयबीएम’चा पहिला पर्सनल कॉम्प्युटर १९८१ मध्ये आला, तेव्हा त्यात फ्लॉपी ड्राइव्ह असत. त्यांना ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे मिळाली. १९८३ च्या ‘पीसी एक्सटी’मध्ये १० एमबीची हार्ड डिस्क आली आणि तिच्या वाट्याला ‘सी’ आले. फ्लॉपी गेल्या, पण अक्षरे तशीच राहिली.

‘डी’, ‘ई’, ‘एफ’ अशा वाटण्या पडल्या त्या पुढे, आणि त्यामागे तांत्रिक अडचण होती. सुरुवातीच्या ‘विंडोज ९५’मध्ये हार्ड डिस्कचा एक भाग २ जीबीपेक्षा मोठा करता येत नसे. ४ जीबीची डिस्क घेतली, तर तिचे किमान दोन तुकडे करावेच लागत. ही मर्यादा १९९६ पासून नव्या पद्धतीमुळे सुटली. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जोडून घेण्याच्या काळात डिस्कचे तीन-चार भाग करून देण्याची रीत पक्की झाली होती. ‘सी’मध्ये विंडोज, ‘डी’मध्ये सॉफ्टवेअर, ‘ई’मध्ये फोटो-गाणी आणि ‘एफ’मध्ये सिनेमे, ही मांडणी अनेकांच्या संगणकावर आजही दिसते.

‘सी’ आणि ‘डी’ या दोन डिस्क असतात का?

दर वेळी नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. एका घरात भिंत घालून दोन खोल्या केल्या, तर घर एकच राहते. पाया खचला तर दोन्ही खोल्या खचतात. एकाच डिस्कचे ‘सी’ आणि ‘डी’ असे भाग केले, म्हणजे पार्टिशन केले, तर तसेच होते. दोन वेगळी उपकरणे असणे ही निराळी गोष्ट आहे. उदाहरणार्थ, लॅपटॉपमध्ये विंडोजसाठी २५६ जीबीची एसएसडी आणि सोबत १ टीबीची फिरती हार्ड डिस्क.

आपल्याकडे काय आहे, हे ओळखणे सोपे आहे. ‘टास्क मॅनेजर’ उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात जावे. तिथे ‘डिस्क ०’समोर ‘सी’ आणि ‘डी’ ही दोन्ही अक्षरे एकत्र दिसली, तर डिस्क एकच आहे. ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ अशा दोन नोंदी असून ‘सी’ व ‘डी’ वेगवेगळ्या नोंदीत असतील, तर उपकरणे दोन आहेत. डिस्क एसएसडी आहे की जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, हेही तिथेच लिहिलेले असते.

‘डी’मध्ये सॉफ्टवेअर टाकल्याने वेग वाढतो का?

डिस्क एकच असेल, तर नाही. फिरत्या हार्ड डिस्कमध्ये एकच यंत्रणा सर्व भागांतील माहिती वाचते. विंडोज एका टोकाला आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या टोकाला ठेवले, तर वाचणाऱ्या टोकाची धावपळ उलट वाढते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो, त्यामुळे तिथे या वाटणीने वेगात फरक पडत नाही.

डिस्क दोन असतील, तर त्या कोणत्या प्रकारच्या आहेत यावर उत्तर ठरते. फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २०० एमबी माहिती वाचते. साधी ‘साटा’ एसएसडी ५०० एमबीच्या आसपास जाते आणि ‘एनव्हीएमई’ प्रकारच्या एसएसडी त्याच्या कित्येक पट वेगवान असतात. छोट्या छोट्या हजारो फाइली वाचायच्या असतील, तर ही तफावत आणखी वाढते. सॉफ्टवेअर सुरू होताना नेमके हेच घडते. त्यामुळे ‘सी’ एसएसडीवर आणि ‘डी’ हार्ड डिस्कवर असेल, तर रोज लागणारे सॉफ्टवेअर ‘डी’मध्ये टाकणे म्हणजे ते हाताने मंद करणे होय.

मग संगणक मंद होण्याचा ‘सी’शी काहीच संबंध नाही का? आहे. ‘सी’ काठोकाठ भरला, तर विंडोजला तात्पुरत्या फाइलींसाठी आणि अपडेटसाठी जागा उरत नाही. पण त्यावरचा उपाय ‘सी’मध्ये जागा मोकळी ठेवणे हा आहे. ती जागा सॉफ्टवेअर हलवून मिळते की दुसऱ्या मार्गाने, हा पुढचा प्रश्न.

‘डी’ निवडले, की सॉफ्टवेअर पूर्णपणे ‘डी’मध्ये जाते का?

इन्स्टॉल करताना जागा विचारली जाते आणि तिथे ‘सी’ऐवजी ‘डी’ लिहिता येते. त्यामुळे सॉफ्टवेअरचा मुख्य फोल्डर ‘डी’मध्ये तयार होतो. मात्र त्याचे काही भाग तरीही ‘सी’मध्येच जातात.

पहिला भाग म्हणजे ‘रजिस्ट्री’. ही विंडोजची नोंदवही. कोणते सॉफ्टवेअर कुठे आहे, कोणती फाइल कशाने उघडायची, परवाना कोणता, अशा नोंदी तिच्यात असतात आणि ती विंडोजच्याच ड्राइव्हमध्ये राहते. दुसरा भाग ‘अ‍ॅप डेटा’ आणि ‘प्रोग्राम डेटा’ हे फोल्डर. वापरकर्त्याच्या सेटिंग्ज, तात्पुरता साठा आणि ब्राउझरचे बुकमार्क तिथे साठतात. तिसरा भाग अनेक सॉफ्टवेअरना मिळून लागणाऱ्या सामाईक फाइलींचा. चौथा भाग फॉन्टचा. मराठी डीटीपीसाठीचे सॉफ्टवेअर ‘डी’मध्ये टाकले, तरी सर्व वापरकर्त्यांसाठी बसवलेले फॉन्ट ‘सी’तल्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये जातात. नवे विंडोज टाकल्यावर निमंत्रणपत्रिकेच्या जुन्या फाइली उघडतात, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, त्याचे एक नेहमीचे कारण हे आहे.

काही सॉफ्टवेअर तर जागा विचारतच नाहीत. ‘मायक्रोसॉफ्ट ऑफिस’च्या आताच्या आवृत्त्या विंडोज असलेल्या ड्राइव्हमध्येच बसतात. ‘गुगल क्रोम’चा नेहमीचा इन्स्टॉलरही पर्याय देत नाही.

फॉरमॅटनंतर ‘डी’मधील सॉफ्टवेअर चालते का?

बहुतेक वेळा नाही. ‘सी’ फॉरमॅट झाला, की नोंदवही कोरी होते. ‘डी’मध्ये सॉफ्टवेअरचा फोल्डर जसाच्या तसा दिसतो, पण नव्या विंडोजला त्याची ओळख नसते. आयकॉनवर क्लिक केले, तर कुठली तरी फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो किंवा परवाना पुन्हा मागितला जातो. शेवटी ते सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करावेच लागते. ‘डी’मध्ये ठेवल्याने वेळ वाचेल, हा हिशेब इथे चुकतो.

अपवाद आहेत. इन्स्टॉल न करता थेट फोल्डरमधून चालणारी ‘पोर्टेबल’ सॉफ्टवेअर फॉरमॅटनंतरही चालतात. ‘स्टीम’सारख्या सेवेवरून घेतलेल्या गेमचेही तसेच. ‘स्टीम’ पुन्हा टाकायचे, ‘डी’मधील जुने फोल्डर दाखवायचे आणि ते गेम ओळखले जातात. १०० जीबीचा गेम पुन्हा डाउनलोड करण्याची वेळ टळते.

मग फॉरमॅटमध्ये खरे नुकसान कशाचे होते?

सॉफ्टवेअर पुन्हा मिळते. परत मिळत नाही ती स्वतः तयार केलेली माहिती. नेमका हा हिशेब अनेक घरांत उलटा झालेला असतो. पुन्हा डाउनलोड करता येणारे सॉफ्टवेअर काळजीपूर्वक ‘डी’मध्ये टाकलेले असते आणि मुलीचा प्रबंध, दुकानाची बिले, लग्नाचे फोटो ‘डेस्कटॉप’वर असतात.

‘डेस्कटॉप’ ही स्वतंत्र जागा वाटते, पण तो ‘सी’मधलाच एक फोल्डर आहे. ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे फोल्डरही मुळात ‘सी’मध्येच असतात. दुरुस्तीच्या दुकानात ‘सीमधलं काही हवंय का?’ असे विचारले जाते. ‘नको, सगळं डीमध्ये आहे’ असे उत्तर सवयीने दिले जाते आणि घरी आल्यावर रिकामा डेस्कटॉप दिसतो. फॉरमॅट करून नवे विंडोज टाकल्यावर, विशेषतः एसएसडीवरून, गेलेल्या फाइली परत मिळण्याची शक्यता फारच कमी उरते.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबतही हेच लक्षात ठेवावे लागते. ‘टॅली’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचा डेटा कुठे साठवायचा, ते वेगळे ठरवता येते. सॉफ्टवेअर ‘डी’मध्ये आहे म्हणून डेटाही तिथेच आहे, असे गृहीत धरू नये. सेटिंगमध्ये दिसणारा मार्ग प्रत्यक्ष पाहून खात्री करावी.

मग ‘डी’मध्ये काय टाकावे?

साधा नियम असा : पहिला मान माहितीला. ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’ यांसारखे फोल्डर ‘डी’मध्ये नेता येतात. फोल्डरवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ आणि त्यात ‘लोकेशन’ निवडावे. आधी ‘डी’मध्ये प्रत्येकासाठी वेगळा रिकामा फोल्डर करावा आणि तोच मार्ग द्यावा. थेट ‘डी’ ड्राइव्ह दिला, तर पूर्ण ड्राइव्हच ‘डॉक्युमेंट्स’ समजला जातो आणि गोंधळ होतो.

सॉफ्टवेअरपैकी ‘डी’मध्ये न्यावीत अशी मोजकीच आहेत, आणि तीही ‘सी’मध्ये खरोखर जागा कमी असेल तरच. मोठे गेम, व्हिडिओ संपादनाचे साहित्य, नकाशे किंवा आवाजांचे मोठे संच, कधीतरी लागणारी जड सॉफ्टवेअर यांना तिथे जागा द्यावी. ‘फोटोशॉप’ला काम करताना तात्पुरती मोठी जागा लागते. ती दुसऱ्या वेगवान डिस्कवर नेमून दिली, तर सॉफ्टवेअर ‘सी’मध्येच ठेवूनही फायदा होतो.

ब्राउझर, अँटिव्हायरस, प्रिंटर व इतर उपकरणांचे ड्रायव्हर आणि ऑफिस ‘सी’मध्येच असावेत. पेन ड्राइव्हवर किंवा काढता येणाऱ्या डिस्कवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणे टाळावे. वायर सुटली किंवा ड्राइव्हचे अक्षर बदलले, की ते बंद पडते. काही जुन्या लॅपटॉपवर ‘डी’ म्हणून दिसणारा भाग कंपनीने ‘रिकव्हरी’साठी राखलेला असतो. तिथे काहीही टाकू नये.

सुरक्षेच्या दृष्टीने काही फरक पडतो का?

पडतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ‘सी’मधील ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरला विंडोजचा पहारा असतो. अ‍ॅडमिनची परवानगी घेतल्याशिवाय तिथल्या फाइली बदलता येत नाहीत. ‘डी’मध्ये स्वतः तयार केलेल्या साध्या फोल्डरला सहसा असा पहारा नसतो, संगणकावर लॉगइन केलेला कोणीही तिथे फेरफार करू शकतो. म्हणजे घुसखोर सॉफ्टवेअरलाही तिथली फाइल बदलणे सोपे जाते. एकाच संगणकावर अनेक जण काम करत असतील, अशा कार्यालयांनी हे ध्यानात ठेवावे.

शिवाय फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे ‘रॅन्समवेअर’ ‘सी’ आणि ‘डी’ असा भेद करत नाही. जोडलेल्या सर्व ड्राइव्हमधील फाइलींपर्यंत ते पोहोचू शकते.

आधीच टाकलेले सॉफ्टवेअर हलवता येते का?

फोल्डर ‘कट’ करून ‘डी’मध्ये ‘पेस्ट’ करणे हा उपाय नाही. नोंदवहीत जुनाच पत्ता राहतो आणि सॉफ्टवेअर बंद पडते. कधी कधी ते नीट काढूनही टाकता येत नाही. ‘मायक्रोसॉफ्ट स्टोअर’मधून घेतलेल्या अनेक अ‍ॅपना ‘सेटिंग्ज’मधील अ‍ॅपच्या यादीत ‘मूव्ह’ हा पर्याय मिळतो. नवी स्टोअर अ‍ॅप कुठे जावीत, हेही ‘स्टोरेज’च्या प्रगत सेटिंग्जमध्ये ठरवता येते. बाकीच्यांसाठी सरळ मार्ग एकच : सेटिंग्ज आणि परवान्याची माहिती जपून ठेवावी, सॉफ्टवेअर काढून टाकावे आणि नव्या जागी पुन्हा इन्स्टॉल करावे.

नोंदवहीत बदल करून संपूर्ण ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरच ‘डी’मध्ये नेण्याची युक्ती अनेक व्हिडिओंत सांगितली जाते. या बदलाला आपला पाठिंबा नसल्याचे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केलेले आहे. तो केल्यास पुढे अपडेट आणि काही सॉफ्टवेअर अडू शकतात.

‘सी’ मग भरतो तरी कशाने?

सॉफ्टवेअरपेक्षा इतर गोष्टींनीच बरेचदा तो भरतो. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘स्टोरेज’ उघडले, की कशाने किती जागा घेतली, ते दिसते. वर्षानुवर्षे न आवरलेला ‘डाउनलोड्स’ फोल्डर, तात्पुरत्या फाइली, रिसायकल बिन आणि आयफोनचा संगणकावर घेतलेला बॅकअप हे नेहमीचे धनी.

‘विंडोज १०’वरून ‘११’वर गेल्यावर जुने विंडोज ‘विंडोज ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये काही दिवस ठेवले जाते. मागे फिरण्याची मुदत साधारणपणे १० दिवसांची असते. या फोल्डरने अनेक जीबी अडवलेले असू शकतात. नवे विंडोज व्यवस्थित चालत असल्याची खात्री पटल्यावर ‘स्टोरेज’मधील तात्पुरत्या फाइलींच्या यादीतून ते काढता येते. ‘स्टोरेज सेन्स’ सुरू ठेवले, तर ठरावीक काळाने ही साफसफाई आपोआप होते. मात्र ‘डाउनलोड्स’मधील फाइली आपोआप पुसल्या जाऊ नयेत, यासाठी तो पर्याय आधी तपासावा.

‘विंडोज ११’साठी किमान ६४ जीबीची डिस्क लागते. पण ही बसण्यापुरती जागा झाली, वावरायला ती अपुरी पडते. ‘सी’ला ८०-१०० जीबी देऊन उरलेली जागा ‘डी’ला देण्याची जुनी सवय इथे अंगाशी येते. ‘सी’ भरतो, ‘डी’ अर्धा रिकामा राहतो आणि सीमा सरकवणे सोपे नसते. ‘सी’ वाढवण्यासाठी त्याच्या लगेच शेजारी मोकळी जागा लागते आणि मध्ये अनेकदा ‘रिकव्हरी’चा भाग आडवा येतो. एकच एसएसडी असलेल्या नव्या लॅपटॉपवर पार्टिशन न करता एकच मोठा ‘सी’ ठेवणे म्हणूनच बहुतेकांना सोयीचे पडते.

मोबाइलमध्ये हेच कसे असते?

वाटणीचे हे तत्त्व प्रत्येकाच्या खिशातही असते. अँड्रॉइड फोनमध्ये मूळ प्रणाली एका भागात कुलूपबंद असते आणि वापरकर्त्याने घेतलेली अ‍ॅप व माहिती दुसऱ्या भागात. ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावर दुसरा भाग पुसला जातो आणि प्रणाली तशीच राहते. म्हणजे फोनमध्येही वेगळा भाग फोटो वाचवत नाही. फोटो वाचवतो तो बॅकअप.

अ‍ॅप मेमरी कार्डवर हलवण्याची सोय २०१० मध्ये अँड्रॉइड २.२ पासून मिळाली. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये कार्डच फोनच्या साठवणीत सामील करून घेण्याचा पर्याय आला. पण असे कार्ड त्या एका फोनशी बांधले जाते. दुसऱ्या फोनमध्ये किंवा संगणकात घातले, तर त्यातले काही वाचता येत नाही. कार्ड मंद असेल, तर अ‍ॅपही मंदावतात. संगणकातील हार्ड डिस्कची आणि या कार्डची कहाणी तशी एकच आहे.

फॉरमॅटला देण्याआधी काय करावे?

आधी फॉरमॅटची खरेच गरज आहे का, ते विचारावे. ‘विंडोज ११’च्या अद्ययावत आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’मधील ‘रिकव्हरी’ या भागातून विंडोज पुन्हा बसवता येते आणि त्यात अ‍ॅप, फाइली व सेटिंग्ज तशाच राहतात. अनेक बिघाड तेवढ्याने सुटतात. ‘रीसेट’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडले, तर वैयक्तिक फाइली राहतात, पण इन्स्टॉल केलेले सॉफ्टवेअर जाते. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडल्यास फक्त विंडोजचा ड्राइव्ह पुसायचा की सगळे, असाही पर्याय येतो. तिथे चुकीचा पर्याय निवडला, तर ‘डी’ही रिकामा होतो.

फॉरमॅट करायचेच असेल, तर ‘डेस्कटॉप’, ‘डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे चार फोल्डर, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, ब्राउझरचे बुकमार्क आणि वेगळे टाकलेले मराठी फॉन्ट यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. सॉफ्टवेअरची यादी आणि परवान्यांचे क्रमांक लिहून ठेवावेत. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. तिची ‘रिकव्हरी की’ सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते; ती आधीच पाहून ठेवावी. प्रत घेतल्यावर दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात आणि मगच लॅपटॉप दुकानात द्यावा.

महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर असावी, असा ‘३-२-१’ नियम जाणकार सांगतात. त्यात एकाच डिस्कवरच्या ‘सी’ आणि ‘डी’मधील दोन प्रती धरता येत नाहीत. ती डिस्क बंद पडली, की दोन्ही एकाच वेळी जातात.